फोन ठेवताना काय बदललेलं असतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनच्या मूल्यमापनाचं प्रकरण

आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनचं मूल्यमापन करायला बसलं की पहिली अडचण हिशेबाची येते. या सेवेचं यश म्हणजे न झालेला मृत्यू, आणि न झालेल्या मृत्यूची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. अपयशाचीही धड होत नाही. बोलणारा बहुतेकदा निनावी असतो, फोन ठेवल्यावर त्याचं पुढे काय झालं हे केंद्राला सहसा कळत नाही. मग हाती उरतात फोनचे आकडे. ते वाढले तर सेवा लोकांपर्यंत पोहोचली असं म्हणायचं की लोकांचा त्रास वाढला असं म्हणायचं, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचं प्रकरण अभ्यासासाठी घ्यावं ते यामुळेच. तिथे पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेनेच बाहेरच्या संशोधकांना आत घेतलं, त्यांना प्रत्यक्ष कॉल ऐकू दिले, आणि जे निघालं ते अडचणीचं असूनही छापून आलं. त्यानंतर कामाची पद्धत काही ठिकाणी बदलली आणि काही ठिकाणी बदलूनही बदलली नाही. मला त्यातला हा दुसरा भाग जास्त शिकवणारा वाटतो.

जाळं कसं उभं राहिलं

लॉस एंजेलिसमध्ये १९५८ साली आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू झालं, तेव्हापासून अमेरिकेत अशी केंद्रं गावोगाव निघत गेली. कुठे पगारी समुपदेशक, कुठे स्वयंसेवक, कुठे दोन्ही. प्रशिक्षण ज्याचं त्याचं, नियमही ज्याचे त्याचे. २००१ मध्ये सॅमसा या मानसिक आरोग्य आणि व्यसनविषयक सेवा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने या केंद्रांना एका जाळ्यात आणण्यासाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. त्या वेळी देशभर चालणारा टोल-फ्री क्रमांक १-८००-सुसाइड हा होता. जानेवारी २००५ मध्ये नॅशनल सुइसाइड प्रिव्हेन्शन लाइफलाइन हे नवं जाळं सुरू झालं. ते चालवायची जबाबदारी न्यूयॉर्कमधल्या एका मानसिक आरोग्य संस्थेकडे आली, आजचं तिचं नाव व्हायब्रंट इमोशनल हेल्थ.

एक क्रमांक फिरवायचा आणि तो जवळच्या केंद्रात वाजायचा, अशी रचना. फिरवणाऱ्याच्या दृष्टीने सेवा एक, उचलणारी केंद्रं मात्र शंभरावर. पुढचे बहुतेक प्रश्न या विसंगतीतून आले.

मोठा प्रश्न का सोडावा लागला

सहज सुचणारा प्रश्न असा: हेल्पलाइनमुळे देशातल्या आत्महत्या कमी झाल्या का? हा प्रश्न ब्रिटनमध्ये आधीच विचारून झाला होता आणि त्याचा निकाल सावध करणारा होता.

चॅड वारा या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये लंडनमध्ये समॅरिटन्स या हेल्पलाइन चालवणाऱ्या संस्थेची सुरुवात केली. साठच्या दशकात शाखा पसरल्या आणि त्याच दशकात इंग्लंड-वेल्समधल्या आत्महत्याही घटू लागल्या. १९६८ मध्ये क्रिस्टोफर बॅगली यांनी शाखा असलेली आणि नसलेली गावं शेजारी ठेवून पाहिली. शाखा असलेल्या गावांत प्रमाण घटलेलं दिसलं. दहा वर्षांनी जेनिंग्ज, बॅरॅक्लॉ आणि मॉस यांनी गावांच्या जोड्या अधिक काटेकोरपणे लावून तोच अभ्यास केला, तेव्हा तो फरक उरला नाही. देशभरातल्या घटीचं मोठं कारणही तोवर पुढे आलं होतं. घरोघरी येणाऱ्या गॅसमधला विषारी वायूचा अंश त्याच वर्षांत कमी होत गेला होता.

अमेरिकेत उलटं चित्र. १९९९ मध्ये दर लाख लोकांमागे १०.५ असलेलं आत्महत्यांचं प्रमाण २०१८ मध्ये १४.२ वर गेलं, आणि नेमक्या याच काळात राष्ट्रीय हेल्पलाइन उभी राहून वाढत गेली. नुसत्या प्रमाणावरून निकाल द्यायचा तर ब्रिटनची हेल्पलाइन गुणकारी आणि अमेरिकेची अपायकारक ठरेल. दोन्ही निष्कर्ष सारखेच बिनबुडाचे. देशाच्या आकड्यात बेकारी, व्यसनं, साधनांची उपलब्धता, इलाजाची सोय असं इतकं काही मिसळलेलं असतं की त्यातून एका फोन क्रमांकाचा वाटा वेगळा काढता येत नाही.

म्हणून प्रश्न लहान केला गेला. कॉल सुरू होताना माणूस ज्या अवस्थेत होता आणि कॉल संपताना ज्या अवस्थेत आहे, त्यात फरक पडला का? पडला असेल तर समोरच्याच्या कोणत्या वागण्यामुळे? आणि काही आठवड्यांनी तो फरक टिकला का? काही जणांना ही पळवाट वाटेल. पण केंद्राच्या हातात खरोखर जेवढं असतं तेवढंच हा प्रश्न विचारतो, त्यामुळे त्याच्या उत्तरातून उद्या काय बदलायचं हे तरी कळतं.

कान लावून ऐकणारे आणि मागाहून फोन करणारे

सॅमसाच्या पैशातून दोन गटांनी काम केलं. दोघांचे निष्कर्ष २००७ मध्ये आत्महत्याशास्त्राच्या एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पद्धती मात्र अगदी वेगळ्या होत्या.

मॉन्ट्रियलच्या क्वेबेक विद्यापीठातले ब्रायन मिशारा आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष कॉल ऐकत होते. बोलण्यात भाग न घेता ऐकायचं आणि ठरलेल्या मोजपट्टीवर समुपदेशकाचं वागणं व बोलणाऱ्यातला बदल नोंदवायचा, अशी ही मूक देखरेख. १४ केंद्रांवरचे २,६११ कॉल त्यांनी ऐकले. त्यातले १,४३१ संकटात सापडलेल्यांचे होते.

दुसरा गट कोलंबिया विद्यापीठाच्या मॅडलिन गूल्ड आणि जॉन कॅलाफॅट यांचा. मार्च २००३ ते जुलै २००४ या काळात आठ केंद्रांमधल्या समुपदेशकांनी कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी ठरावीक प्रश्नांतून बोलणाऱ्याची अवस्था नोंदवली, आणि संमती देणाऱ्यांना पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोन करून विचारपूस केली गेली. आत्महत्येचे विचार असलेले १,०८५ जण आणि इतर संकटातले १,६१७ जण असे दोन वेगळे अभ्यास झाले.

चांगली बातमी गूल्ड यांच्या गटाकडून आली. 'गंभीर माणूस फोन करतच नाही, फोन करणारे फक्त लक्ष वेधून घेतात' हा समज खोटा ठरला. खरोखर धोक्यात असलेली माणसं फोन करत होती. कॉलच्या दरम्यान त्यांचा मरण्याचा इरादा, निराशा आणि मनातली वेदना कमी झालेली दिसली, आणि निराशा व वेदना पुढच्या आठवड्यांतही उतरत राहिली. पाठपुराव्याच्या फोनवर ११.६ टक्के लोकांनी कुणी न विचारताच सांगितलं, की त्या कॉलमुळे आपण स्वतःला इजा करण्यापासून वा जीव देण्यापासून थांबलो. प्रश्नावलीत नसलेलं उत्तर जेव्हा इतक्या जणांकडून येतं, तेव्हा मला ते विचारून काढलेल्या उत्तरापेक्षा अधिक वजनदार वाटतं.

याच अभ्यासात एक व्यवहारोपयोगी निष्कर्षही होता. पुढच्या आठवड्यांत कोण पुन्हा आत्महत्येच्या विचारांकडे वळेल हे सांगणारी सगळ्यात ठळक खूण म्हणजे कॉल संपतानाचा मरण्याचा इरादा. कॉलच्या सुरुवातीची अवस्था कितीही वाईट असो, शेवटी काय उरलं ते महत्त्वाचं. म्हणजे फोन ठेवण्याआधी एकदा थेट विचारून घेतलं तर पुन्हा फोन कुणाला करायचा हे तिथेच ठरू शकतं.

न विचारलेला प्रश्न

मिशारांच्या नोंदी वाचताना मात्र माणूस थबकतो. संकटातल्या १,४३१ पैकी ७२३ कॉलमध्ये, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त वेळा, आत्महत्येचा विचार मनात येतो का हे विचारलंच गेलं नाही. आत्महत्या प्रतिबंधासाठी असलेल्या क्रमांकावर! केंद्राकेंद्रांत जमीन-अस्मानाचा फरक होता. काही कॉलमध्ये जीव वाचला असावा असं ऐकणाऱ्यांना वाटलं, तर काही मोजक्या कॉलमध्ये समुपदेशकाचं वागणं कुठल्याही निकषावर खपवून घेण्यासारखं नव्हतं.

गूल्ड-कॅलाफॅट यांच्या दुसऱ्या अभ्यासाने याला दुसऱ्या बाजूने पुष्टी दिली. समुपदेशकांनी ज्यांना 'आत्महत्येचा धोका नाही' अशा गटात टाकलं होतं, त्यातल्या ८०१ जणांशी नंतर बोलणं झालं. त्यांपैकी जवळपास १२ टक्के लोकांनी कॉलच्या वेळी किंवा नंतर असे विचार आल्याचं सांगितलं. बोलणाऱ्याने आपणहून विषय काढला नाही, समोरच्याने विचारलं नाही, आणि नोंदीत 'धोका नाही' असं लिहिलं गेलं.

का विचारत नसतील? एक भीती सगळीकडे सारखी असते: विचारलं तर डोक्यात नसलेली गोष्ट आपणच घालू. या भीतीला आधार नाही. स्वतः गूल्ड यांनीच न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर, चिठ्ठ्या टाकावेत तसे गट पाडून केलेली यादृच्छिक चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास किंवा असे विचार वाढल्याचं त्यात दिसलं नाही. उलट आधीपासून धोक्यात असलेल्या मुलांचा त्रास किंचित कमीच झालेला दिसला.

पण मला वाटतं, भीतीपेक्षा खोल कारण परंपरेत आहे. फोनवर मदत करण्याची सगळी घडणच 'ऐकून घेणं' या तत्त्वावर झाली. सल्ला द्यायचा नाही, चौकशी करायची नाही, बोलणाऱ्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. अशा संस्कारात वाढलेल्या स्वयंसेवकाला थेट प्रश्न उलटतपासणीसारखा वाटतो. आणि नेमका इथेच मिशारांचा आणखी एक निष्कर्ष येऊन बसतो. चांगल्या परिणामाशी कशाचा संबंध दिसला? सहानुभूतीचा, आदराचा, आधार देण्याचा, चांगला संपर्क जुळण्याचा आणि दोघांनी मिळून अडचणीतून मार्ग शोधण्याचा. बोलणाऱ्याचेच शब्द त्याला परत ऐकवणं, भावना शब्दांत मांडणं अशा तंत्राचा, म्हणजे ज्याला सक्रिय श्रवण म्हणतात त्याचा, स्वतंत्र संबंध दिसला नाही.

या वाक्याचा विपर्यास सोपा आहे. ऐकू नका, असा त्याचा अर्थ नाही. आस्था नसताना वापरलेलं ऐकण्याचं तंत्र पुरत नाही, एवढंच त्यातून निघतं. 'तुम्हाला फार वाईट वाटतंय' हे वाक्य यंत्रवत दहा वेळा म्हटलं तरी पलीकडच्याला ते कळतं.

पगारी माणसं बरी की स्वयंसेवक, या जुन्या वादावरही मिशारांच्या पुढच्या कामातून उत्तर आलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, क्वेबेकमधल्या केंद्रांवर दोघांच्या परिणामांत फरक दिसला नाही. १४० तासांहून अधिक कॉल घेतलेल्यांचे परिणाम मात्र सरस होते, मग तो पगारी असो वा स्वयंसेवक. भरती करून महिनाभरात सोडून जाणाऱ्या माणसांवर चालणाऱ्या केंद्राने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

सुधारणा, आणि तिच्यातली खोच

लाइफलाइनने या निष्कर्षांकडे पाठ फिरवली नाही. त्याच वर्षी, २००७ मध्ये, मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर आणि सहकाऱ्यांनी मांडलेले जोखीम तपासण्याचे निकष जाळ्यातल्या केंद्रांसाठी लागू झाले. त्यात चार गोष्टी पाहायच्या होत्या: मरण्याची इच्छा, ती अमलात आणण्याची क्षमता, प्रत्यक्ष इरादा, आणि जगण्याकडे ओढणारे धागे. प्रत्येक कॉलमध्ये आत्महत्येविषयी विचारायचं, हा नियम झाला.

मग प्रशिक्षण. असिस्ट नावाचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम जाळ्यात न्यायचा होता. सगळ्या केंद्रांना तो एकाच वेळी देणं शक्यच नव्हतं, आणि मूल्यमापकांनी ही अडचणच कामाला लावली. कोणत्या केंद्राला आधी आणि कोणाला नंतर हे चिठ्ठ्या टाकावं तसं यादृच्छिक ठरवलं. त्यामुळे ज्यांची पाळी आलेली नाही ती केंद्रं आपोआप तुलनेला मिळाली आणि कुणाला कायमचं वंचित ठेवावं लागलं नाही. २००८-०९ मध्ये १७ केंद्रांवरचे १,५०७ कॉल ऐकले गेले.

२०१३ मध्ये आलेला निकाल दुहेरी होता. प्रशिक्षित समुपदेशकांशी बोललेले लोक कॉलच्या शेवटी कमी खिन्न, कमी गांगरलेले, अधिक आशावादी वाटले, आणि आत्महत्येकडचा त्यांचा कलही कमी झालेला दिसला. सुधारणेचा संबंध दोन गोष्टींशी दिसला: जगण्याची कारणं त्याच्याच तोंडून बोलती करणं, आणि घरच्या किंवा ओळखीच्या कुणाचा आधार घेता येईल हे त्याच्याबरोबर शोधणं. पण ज्यासाठी एवढा खटाटोप झाला ती जोखमीची तपासणी? ती प्रशिक्षणानंतरही अधिक परिपूर्ण झाली नाही.

नियम काढला, प्रशिक्षण दिलं, माणसं बरी बोलू लागली, तरी चारही बाजूंनी विचारण्याची सवय प्रशिक्षणाने रुजली नाही. माझा अंदाज असा की नियम कागदावर असतो आणि सवय शेजारच्या खुर्चीवरून लागते. रात्रपाळीला आपल्या बाजूला बसलेला अनुभवी माणूस विचारत असेल तर नवखा विचारतो. सतत कॉल ऐकून सांगणारा पर्यवेक्षक नसेल तर दोन दिवसांच्या वर्गाचं बळ ओसरतं. मूल्यमापन एकदाच करून थांबलं असतं तर 'प्रशिक्षण यशस्वी' एवढं लिहून फाइल बंद झाली असती.

पाठपुराव्याचं काम याहून सरळ निघालं. २००८ पासून सॅमसाने काही केंद्रांना, धोक्यातल्या लोकांना आपणहून पुन्हा फोन करण्यासाठी वेगळे पैसे दिले. सहा केंद्रांमधल्या अशा ५५० जणांना विचारलं तेव्हा ७९.६ टक्के लोकांनी या फोनांमुळे आपण जीव देण्यापासून थांबलो असं सांगितलं. आकडा थक्क करणारा आहे, पण उत्तर देणारे कोण होते हे ध्यानात ठेवूनच तो वाचायला हवा. पाठपुरावा स्वीकारलेले, फोन उचललेले, मुलाखतीला तयार झालेले असे ते लोक होते.

आणि पोलिस किंवा रुग्णवाहिका पाठवण्याचा प्रश्न. हेल्पलाइनला फोन केला तर दारात पोलिस येतील, या भीतीने कितीतरी जण फोन करत नाहीत. आठ केंद्रांमधले, जीव लगेच धोक्यात असलेल्यांचे ४९१ कॉल तपासले गेले. ७६.४ टक्के वेळा समुपदेशकांनी बोलणाऱ्यालाच स्वतःला सुरक्षित ठेवण्याच्या कामात सहभागी करून घेतलं. २४.६ टक्के कॉलमध्ये त्याच्या सहकार्याशिवाय मदत पाठवावी लागली. थोड्या कॉलमध्ये दोन्ही घडलं, म्हणून बेरीज शंभरावर जाते. लक्षात घ्या, हे प्रमाण सगळ्या कॉलचं नाही, सगळ्यात टोकाच्या कॉलचं आहे. ते लोकांपर्यंत नीट पोहोचलं तर त्या भीतीचा बराच भाग उतरेल.

हरकती

या सगळ्या कामावर रास्त आक्षेप आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. आत्महत्येचे विचार असलेल्या १,०८५ पैकी पाठपुराव्याला ३८० जणच मिळाले, म्हणजे ३५ टक्के. उरलेले ६५ टक्के बरे होऊन आपल्या वाटेला लागले की आणखी खचले, यावर तो अभ्यास बोलू शकत नाही. फोन न केलेल्या तशाच माणसांचा तुलनागट नाही आणि असूही शकत नाही. मदत मागणाऱ्याला चाचणीसाठी व्यस्त सूर ऐकवणं कोण मंजूर करील? शिवाय संकटाची लाट काही तासांनी आपसूकही ओसरते, तेव्हा कॉलदरम्यानची सुधारणा सगळीच कॉलमुळे म्हणता येत नाही. २०२० च्या एका पद्धतशीर आढाव्यानेही उच्च दर्जाच्या पुराव्याची कमतरता असल्याचं नोंदवलं.

तरी एक गोष्ट या आक्षेपांच्या पलीकडे टिकते. प्रश्न विचारला गेला की नाही, यासाठी तुलनागट लागत नाही. ते ऐकून मोजता येतं. हेल्पलाइनचा 'परिणाम' वादग्रस्त राहील, 'दर्जा' वादग्रस्त असायचं कारण नाही.

९८८ आणि तक्त्यातले रकाने

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि १६ जुलै २०२२ पासून ही सेवा ९८८ या तीन आकड्यांवर आली. भारताची टेलि-मानस सेवाही १४४१६ या छोट्या क्रमांकावर चालते. मन बधिर झालेल्या वेळी दहा आकडे आठवत नाहीत, हे दोन्हीकडे ओळखलं गेलं. ९८८ मागे आज दोनशेहून जास्त केंद्रं आहेत, मजकूर पाठवून किंवा चॅटवरही बोलता येतं. सुरुवातीला कॉल फोन क्रमांकाच्या प्रादेशिक आकड्यांवरून वळवला जाई, त्यामुळे राज्य बदलून मोबाइलचा जुना क्रमांक ठेवलेला माणूस हजार मैल दूरच्या केंद्राशी बोलत असे. स्थानावरून कॉल वळवण्याचा नियम २०२४ मध्ये आला.

सॅमसा ९८८ चे महिन्याचे आकडे उघडपणे प्रसिद्ध करते. किती संपर्क आले, किती उचलले, किती मध्येच तुटले, सरासरी किती सेकंदांत उचलले, सरासरी किती वेळ बोलणं झालं. हे हवंच, उचललाच नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. पण बोलण्याचा सरासरी वेळ वाढला तर आनंद मानायचा की चिंता करायची? लांब कॉल म्हणजे मन लावून केलेलं काम असू शकतं, किंवा न सुटणारं भिरभिरणंही. मूल्यमापनाने महत्त्वाच्या ठरवलेल्या तीन गोष्टी, म्हणजे थेट विचारलं का, शेवटी इरादा किती उरला, आणि पुन्हा फोन झाला का, त्या मासिक तक्त्यात नाहीत.

कॉल लाखोंनी येतात, ते सगळे ऐकणार कसे, असा बचाव यावर होऊ शकतो. सगळे ऐकायची गरजच नाही. मिशारांनी जे दाखवलं ते १४ केंद्रांवरच्या २,६११ कॉलमधून.